नवे घर बांधताना विजेचा हिशेब : कोणता खर्च परत येतो, कोणता नाही?



गळीत हंगाम आटोपला आणि उसाची बिले हातात आली, की आपल्या गावोगावी घरांची कामे निघतात. कुणी जुने पाडून नवे बांधतो, कुणी मळ्यात बंगला उठवतो, तर कुणी खालच्या घरावर माडी चढवतो. वाळू, सिमेंट, लोखंड यांचे भाव आपण चार ठिकाणी फिरून काढतो. गवंड्याशी ब्रासचा आणि चौरस फुटाचा दर घासाघीस करून ठरवतो. परंतु एक हिशेब मात्र बहुतेक घरात होतच नाही. तो म्हणजे, हे घर उभे राहिल्यावर पुढची तीस-चाळीस वर्षे ते वीज किती खाणार आणि उन्हाळ्यात माणसाला किती भाजणार?

आजकाल 'ऊर्जा बचतीचे घर' म्हणून अनेक वस्तू विकायला येतात. उष्णतारोधक थर, हलके ब्लॉक, पांढरा रंग, कमी विजेचे पंखे, छतावरील सोलर. प्रत्येक विक्रेता सांगतो, 'पैसे दोन वर्षांत वसूल.' त्यातले काही खरे असते, काही अर्धे खरे. सभासदाने कुणाच्याही शब्दावर न जाता स्वतः कागद-पेन्सिल घेऊन हिशेब कसा करावा, तो या लेखात मांडला आहे. यातले दर आणि खर्च आम्ही हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत. आपण आपले आकडे त्या जागी घालावेत. पद्धत तीच राहील.

घरात उष्णता येते कोठून?

आधी शत्रू ओळखला पाहिजे. आपला ऊसपट्टा साधारणपणे १६ ते २० अंश अक्षांशांत येतो. कोल्हापूरपासून पुण्यापर्यंतच्या भागात मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो. यालाच आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. याचा अर्थ असा, की ऐन कडक उन्हाळ्यात ऊन भिंतीवर कमी आणि छतावर जास्त पडते. सकाळी पूर्वेची भिंत तापते, दुपारनंतर पश्चिमेची. छत मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत तापत राहते.

आपले आजे-पणजे हे जाणून होते. सोलापूर आणि मराठवाडा भागातील माळवदाची घरे आठवा. लाकडी तक्तपोशीवर मातीचा जाड थर आणि खाली हात-दीड हात रुंदीच्या भिंती. आत दुपारी बारालाही गारवा असे. अर्थात माळवद गळायचे, उंदीर-घुशी लागायच्या, दर पावसाळ्यापूर्वी माती घालावी लागे. म्हणून आपण स्लॅबकडे वळलो आणि ते योग्यच झाले. परंतु स्लॅब मजबूत असला तरी उष्णता अडवण्यात अगदी कच्चा आहे. दिवसभर प्यालेली उष्णता तो संध्याकाळी आणि रात्री खाली सोडतो. आठ वाजता जेवायला बसलो तरी वरून झळ लागते, ती यामुळेच.

उष्णता किती शिरते, हे मोजण्याचे एक माप आहे. एक चौरस मीटर छतातून, बाहेर-आत एक अंशाचा फरक असताना किती वॅट उष्णता आत येते, तो आकडा काढतात. त्याला 'यू मूल्य' म्हणतात. साधारण पाच इंची आर.सी.सी. स्लॅब आणि खालचे प्लास्टर यांचे यू मूल्य सुमारे ३.२ येते. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने डिसेंबर २०१८ मध्ये राहत्या घरांसाठी 'इको निवास संहिता' काढली. तीत छताचे हे मूल्य १.२ पेक्षा जास्त नसावे असे म्हटले. म्हणजे आपला नेहमीचा उघडा स्लॅब त्या मर्यादेच्या अडीच पटीहून जास्त उष्णता आत सोडतो.

कारखाना पाहिलेल्या सभासदांना हे लगेच समजेल. बॉयलरपासून टर्बाइनकडे जाणाऱ्या वाफेच्या नळ्या आपण उघड्या ठेवत नाही. त्यांवर जाड लॅगिंग करतो. कारण वाफ वाटेत गार झाली, तर तेवढे बगॅस फुकट जळले. तिथे उष्णता आत राखायची असते, घरात ती बाहेर ठेवायची असते. नियम एकच.

पहिला इंच आणि तिसरा इंच

स्लॅबवर उष्णतारोधक बोर्डाचा थर घालून वर कोबा केला, तर किती फरक पडतो ते पाहू. थर्माकोलच्या जातीचा, पण दाट व भार सोसणारा बोर्ड मिळतो. तो एक इंच घातला तर यू मूल्य ३.२ वरून साधारण १.० वर येते. दोन इंच घातला तर ०.६ च्या आसपास. तीन इंच घातला तर ०.४.

हे आकडे नीट वाचा. पहिल्या इंचाने २.२ चा फायदा झाला. दुसऱ्याने फक्त ०.४ चा आणि तिसऱ्याने ०.२ हून थोडा कमीच. पैसे मात्र प्रत्येक इंचाला जवळपास सारखे लागतात. उसाला नत्राचा पहिला हप्ता जे काम करतो, ते शिफारशीच्या वर टाकलेली चौथी गोणी करत नाही. तसेच हे आहे. एक इंचाने संहितेची मर्यादा पूर्ण होते. तीन इंच घालणारा माणूस हौस करतो, बचत नव्हे.

बचतीचा हिशेब : चार पायऱ्या

कुठलीही वस्तू घेताना पुढील चार प्रश्न विचारावेत.

पहिला : वाढीव खर्च किती? संपूर्ण किंमत धरायची नाही. पंखा तर कसाही घ्यायचाच आहे. साधा आणि कमी विजेचा यांच्या किमतीतील फरक, एवढाच आपला वाढीव खर्च. जुन्या घरात चालता पंखा काढून नवा लावणाऱ्याला पूर्ण किंमत धरावी लागते. नवे घर बांधणाऱ्याला फक्त फरक. नव्या घरात बचत स्वस्त पडते ती यामुळेच.

दुसरा : वर्षाला युनिट किती वाचतील? वाचणारे वॅट, गुणिले रोजचे तास, गुणिले वर्षाचे दिवस, भागिले १०००. एवढे सोपे गणित आहे. चौथी-पाचवीतला मुलगाही करील.

तिसरा : त्या युनिटचा दर कोणता? इथे बहुतेकांची चूक होते. लोक एकूण बिलाला एकूण युनिटने भागतात. पण आपले घरगुती बिल टप्प्याचे असते. पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, त्यापुढचे आणखी महाग. वीज वाचते ती नेहमी वरच्या टप्प्यातली. तेव्हा महिना २०० युनिट वापरणाऱ्याने दुसऱ्या टप्प्याचा दर धरावा. त्यात वहन आकार आणि वीज शुल्कही मिळवावे. स्थिर आकार मात्र धरू नये, कारण वापर घटला तरी तो घटत नाही. याउलट ज्याचे घर १०० युनिटच्या आतच भागते, त्याची बचत स्वस्त युनिटची असते आणि त्याचे पैसे उशिरा वसूल होतात.

चौथा : वस्तू किती वर्षे टिकेल आणि पैसा कुठला? वाढीव खर्चाला वर्षाच्या बचतीने भागले की वसुलीची वर्षे निघतात. वस्तूचे आयुष्य त्याहून बरेच जास्त असले तर व्यवहार फायद्याचा. पैसा कर्जाचा असेल तर मात्र व्याजही पाहिले पाहिजे. त्याकडे पुढे येऊ.

पंख्याचे उदाहरण

साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो. बी.एल.डी.सी. मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास. फरक ४५ वॅट. पंखा रोज १० तास, वर्षाला २७० दिवस चालतो असे धरू. ४५ × १० × २७० ÷ १००० म्हणजे जवळपास १२१ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला १,२१० रुपये. वाढीव किंमत १,४०० रुपये धरली तर सव्वा वर्षाच्या आत वसुली. युनिटला ६ रुपयेच पडत असतील तरी दोन वर्षांच्या आत. चार पंखे असतील तर वर्षाला ४८० हून अधिक युनिट वाचतात.

१ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर तारांकनाची पट्टी सक्तीची झाली आहे. घेताना ती पाहावी. मात्र जो पंखा पाहुण्यांच्या खोलीत वर्षातून चार दिवस फिरतो, तिथे महाग पंखा लावून काही मिळणार नाही. बचत वस्तूत नसते, वापराच्या तासांत असते.

छताचे उदाहरण : इथे जपून

आता एक खोली घेऊ. २०० चौरस फुटांची, म्हणजे सुमारे १८.६ चौरस मीटर, वर थेट स्लॅब. वातानुकूलन यंत्र, म्हणजे आपला ए.सी., उन्हाळ्याचे १२० दिवस रोज ८ तास चालतो. म्हणजे वर्षाला ९६० तास. तापलेल्या छताचा आणि गार खोलीचा सरासरी फरक १५ अंश धरू.

उघड्या स्लॅबमधून आत येणारी उष्णता : ३.२ × १५ × १८.६ म्हणजे सुमारे ८९० वॅट. ए.सी. एक वॅट विजेत साधारण साडेतीन वॅट उष्णता बाहेर काढतो असे धरले, तर फक्त छताच्या उष्णतेपायी ९६० तासांत २४५ युनिट जातात.

आता दोन उपाय पाहू.

पहिला, स्लॅबवर पांढरा चुना. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो, म्हणून १५ अंशांचा फरक ९ वर आला असे धरू. मग खर्च १४७ युनिट. बचत ९८ युनिट.

दुसरा, एक इंच रोधक थर. खर्च ७५ युनिट. बचत १७० युनिट.

दोन्ही केले तर बचत ९८ अधिक १७० म्हणजे २६८ युनिट होईल, असे विक्रेता सांगेल. पण मुळात छतापायी जातात २४५ युनिट. त्याहून जास्त वाचणार कसे? प्रत्यक्षात दोन्ही उपाय केल्यावर खर्च ४५ युनिट उरतो आणि बचत २०० युनिट होते. चुन्याने उष्णता आधीच कमी केलेली असते. थराला काम कमी उरते. बचतीच्या आकड्यांची सरळ बेरीज करणारा माणूस दिसला, की सावध व्हावे.

आता रुपये. चुन्याला चौरस फुटाला ५ रुपये धरले तर या खोलीपुरते १,००० रुपये, आणि तो दोन वर्षांनी पुन्हा मारावा लागतो. म्हणजे वर्षाला ५०० रुपये. बचत वर्षाला ९८० रुपये. सरळ फायदा.

रोधक थराला चौरस फुटाला ६० रुपये धरले तर १२,००० रुपये. चुना नसेल तर वर्षाला १,७०० रुपये वाचतात आणि सात वर्षांत वसुली होते. चुना आधीच मारलेला असेल तर थराची जादा बचत १०२ युनिट, म्हणजे १,०२० रुपये. वसुलीला जवळपास बारा वर्षे.

आणि हे १२,००० कर्जाचे असतील तर? ९ टक्के दराने पहिल्या वर्षाचे व्याजच १,०८० रुपये होते. वाचले १,०२० आणि व्याज १,०८०. मुद्दल हलतच नाही! उसाच्या बिलातून हप्ता कापला जाणाऱ्या सभासदाने हा आकडा विसरू नये.

याहून मोठी चूक म्हणजे संपूर्ण १,००० चौरस फुटांच्या स्लॅबला थर घालायचा आणि ए.सी. एकाच खोलीत. खर्च ६०,०००, विजेची बचत तीच १,७०० रुपयांची. वसुलीला पस्तीस वर्षे! विजेपुरता विचार असेल तर थर फक्त त्या खोलीवर घालावा.

मग थर घालायचाच नाही काय?

असेही नाही. वरचा हिशेब फक्त विजेच्या बिलाचा आहे. आपल्याकडील बहुतेक घरांत ए.सी. नाही. तिथे थर घातल्याने बिल एक रुपयाही कमी होणार नाही. परंतु एप्रिल-मे महिन्यात स्लॅबखाली झोपणारी म्हातारी माणसे, तान्ही मुले आणि दुपारी चुलीपाशी किंवा गॅसपाशी उभी राहणारी घरची बाई, यांना त्याचा फरक जाणवतो. त्या सुखाचा दर कुठल्याही बिलावर छापलेला नसतो. फक्त एक करावे. हा खर्च 'बचत' म्हणून मांडू नये. तो सुखाचा खर्च आहे, असे म्हणून घरात बसून ठरवावा. जसा आपण न्हाणीघराला फरशी लावतो, तसा. त्यातून किती पैसे परत येतील, असे आपण फरशीला विचारत नाही.

दुसरेही एक आहे. आज ए.सी. नाही, पण पुढच्या पाच-दहा वर्षांत मुले तो आणणार असतील, तर घर आधीच गार असल्यास कदाचित आणावा लागणार नाही किंवा लहान पुरेल. न आणलेल्या ए.सी.ची किंमतही बचतीत धरायला हरकत नाही.

ज्यांना एवढा खर्च नको, त्यांना स्वस्त मार्ग आहेत. कोब्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा थर, म्हणजे चायना मोझॅक, चुन्याहून टिकाऊ आहे. मात्र गच्चीवर धूळ साचू देऊ नये, मळलेला पांढरा रंग अर्धे काम करतो. छतावर मांडव घालून सावली केली तरी चालते. खोडव्यात पाचटाचे आच्छादन केल्यावर जमीन तापत नाही आणि ओल टिकते, हे आपण शेतात पाहतोच. जमिनीला पाचट, तशी स्लॅबला सावली. पाचट मात्र गच्चीवर रचू नये, आगीची भीती असते.

फुकटात मिळणारी बचत

सर्वात जास्त फायदा अशा गोष्टींत आहे, ज्यांना पैसे लागतच नाहीत. मात्र त्या नकाशावरच ठरवाव्या लागतात. घर उभे राहिल्यावर त्या करता येत नाहीत.

जागा असेल तर घराच्या लांब बाजू उत्तर-दक्षिण दिशांना तोंड करून ठेवाव्यात आणि आखूड बाजू पूर्व-पश्चिमेला. कारण पूर्व-पश्चिमेचे ऊन तिरपे येते. ते छज्ज्याने पुरते अडत नाही. दक्षिणेचे ऊन दोन फुटी छज्जाही अडवतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, तेव्हा छज्ज्याखालून तेच ऊन आत येते आणि ते हवेच असते.

पश्चिमेला झोपायची खोली ठेवू नये. जिना, कोठीची खोली, संडास-न्हाणी तिकडे घ्यावी. ऊन तीच सोसतील. पश्चिमेला मोठ्या काचेची खिडकी हा तर विकतचा त्रास. भिंतीपासून योग्य अंतरावर एखादा कडुनिंब लावला तर तो फुकट काम करतो.

खिडक्या समोरासमोर असाव्यात. एका भिंतीला कितीही मोठी खिडकी केली आणि समोर वाट नसली, तर वारा शिरत नाही. रात्री बाहेरची हवा गार झाली की खिडक्या उघडाव्यात, सकाळी ऊन चढल्यावर बंद कराव्यात. त्यासाठी जाळी आणि गज नीट असावेत, म्हणजे निर्धास्त झोपता येते.

भिंतींच्या बाबतीत लॉरी बेकर यांचे नाव घेतले पाहिजे. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या वास्तुशिल्पीने केरळात आयुष्य काढले. स्वस्त व थंड घरे बांधून दाखवली आणि १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००७ मध्ये ते वारले. त्यांनी प्रचारात आणलेल्या 'रॅट ट्रॅप' पद्धतीत विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावतात. भिंतीच्या आत पोकळी राहते. नऊ इंची भिंतीत सुमारे पाव हिस्सा विटा कमी लागतात आणि पोकळीतील हवेमुळे भिंत उष्णता कमी सोडते. इथे बचतीसाठी जादा पैसे द्यावे लागत नाहीत, उलट विटांचे पैसे वाचतात. मात्र विटा एकसारख्या व भाजीव हव्यात आणि गवंड्याला ती रचना येत असावी. त्याच्याकडून आधी चार हात भिंत बांधून घ्यावी, मगच काम सोपवावे.

पाणी तापवणे आणि सोलर

१०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साडेतीन युनिट वीज लागते. रोजचा गीझर वर्षात २५० दिवस चालला तर ८७५ युनिट. म्हणून गीझर वापरणाऱ्या घराला सौर बंब लवकर परवडतो. परंतु ज्या घरात अंगणातला तांब्याचा बंब काटक्या-चिपाडांवर पेटतो, त्या घराची वीज वाचणार नाही, कारण ती जातच नव्हती. तिथे वाचेल तो धूर आणि पहाटेची मेहनत. तोही फायदा आहे, पण तो रुपयांत दाखवून कुणी माल खपवत असेल तर ओळखावे. दुसरे म्हणजे आपल्या बागायती भागात विहिरी-बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी क्षारयुक्त आहे. क्षार धरून सौर बंब निकामी होतो. आधी पाणी तपासून घ्यावे आणि त्याप्रमाणे यंत्र निवडावे.

छतावरील सोलर विजेसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर' योजना सुरू झाली. तीत १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट व त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान ठेवण्यात आले. अर्ज करण्यापूर्वी त्या दिवशीचे नियम पाहून घ्यावेत. १ किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरायला हरकत नाही. अनुदान वजा जाता आपल्याला ३०,००० रुपये पडले आणि वर्षाला १,४०० युनिट मिळाले, तर १० रुपये दराने अडीच वर्षांच्या आत आणि ६ रुपये दराने साडेतीन वर्षांच्या सुमारास वसुली होते. हिशेब चांगला आहे, यात शंका नाही.

फक्त तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, आपण वापरतो त्याहून मोठा संच बसवू नये, कारण वर्षाअखेर उरलेल्या युनिटला आपल्याला पडणाऱ्या दराइतका भाव मिळत नाही. दोन, बॅटरी नसलेला संच लाइन गेली की बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. लोडशेडिंगवर तो औषध नव्हे. तीन, आधी पंखे-दिवे कमी विजेचे करावेत, मग उरलेल्या गरजेपुरता संच घ्यावा. आधी ठिबक, मग मोटर. गळकी पाइपलाइन तशीच ठेवून जास्त हॉर्सपॉवरची मोटर बसवणारा शेतकरी शहाणा म्हणता येईल काय?

क्रम कसा लावावा?

थोडक्यात सांगायचे तर नव्या घराची कामे दोन भागांत वाटावीत.

जी कामे पुढे कधीही करता येतात, ती मागे ठेवली तरी चालतात. पंखे, दिवे, चुना, सौर बंब, सोलर पॅनेल ही त्यातली. या वर्षी पैसे कमी पडले तर पुढच्या हंगामानंतर करा. सोलरसाठी दक्षिणेकडची बिनसावलीची जागा आणि भिंतीतून वायरचा पाइप एवढे मात्र आत्ताच ठेवा. सौर बंबाचा गरम पाण्याचा पाइपही प्लास्टरच्या आधीच टाका. मागून भिंत फोडण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त.

जी कामे एकदाच करता येतात, त्यांचा विचार पाया खणण्यापूर्वी करा. घराची दिशा, खिडक्यांच्या जागा, छज्जे, भिंतीचा प्रकार. स्लॅबवरचा थर नंतरही घालता येतो, पण मग कोबा आणि वॉटरप्रूफिंग फोडून पुन्हा करावे लागते आणि खर्च बराच वाढतो. म्हणून 'घालायचा की नाही' हे पहिला कोबा होण्यापूर्वी ठरवावे. विक्रेता घाई करतो ती पहिल्या यादीतल्या वस्तूंची. आपण घाई करायला हवी ती दुसऱ्या यादीची.

शेवटी पडताळा घ्यावा

कागदावरची बचत आणि मीटरवरची बचत यांत नेहमी अंतर राहते. याचे एक कारण आपणच असतो. पंखा कमी वीज खातो म्हटल्यावर तो रिकाम्या खोलीतही फिरत राहतो. ए.सी.चे बिल कमी येते म्हटल्यावर तो दोन तास जास्त चालतो. त्यामुळे नव्या घरात राहायला गेल्यावर दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचे आकडे एका वहीत लिहावेत. शेजारी घरात किती माणसे होती आणि कोणती नवी वस्तू आली, याची नोंद असावी. एप्रिलची तुलना एप्रिलशी करावी, डिसेंबरशी नव्हे. दोन उन्हाळे गेले की कोणता खर्च फळाला आला, ते वहीच सांगेल. शेजारी घर बांधायला निघेल तेव्हा ती वही त्याला दाखवावी. एका सभासदाचा अनुभव दुसऱ्याच्या कामी यावा, यासाठीच तर आपण सहकारात एकत्र आलो.

उसाच्या प्लॉटमध्ये लागण करण्यापूर्वी आपण माती परीक्षण करतो, बेणे निवडतो, सरीचे अंतर ठरवतो. ते पीक दीड वर्षाचे. घर हे दोन पिढ्यांचे पीक आहे. त्याची लागण करण्यापूर्वी एक संध्याकाळ घरची सगळी माणसे, एक कागद आणि मागच्या बारा महिन्यांची वीजबिले घेऊन बसावे, एवढेच सभासदांना आमचे सांगणे आहे.